कठीण मांस, मंद आंच : गरिबाच्या रोस्टाचा इतिहास

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत धर्मगुरूंच्या नेमणुका, देवळाच्या भिंती, शाळेची पटसंख्या व देणगीदारांचीं नांवें हीं यावयाचींच, व तीं यावींत हें योग्यच आहे. परंतु सणाच्या दिवशीं मिस्सा आटोपून मंडळी घरीं परतली म्हणजे ज्या पातेल्याकडे सर्वांचे डोळे लागत, त्याचा इतिहास लिहिण्याचें कोणी मनावर घेत नाहीं. तें काम आम्ही येथें हातीं घेत आहों. विषय स्वयंपाकघरांतला आहे म्हणून तो हलका, असें वाचकांनीं समजूं नये. त्यांत समुद्रापलीकडचा व्यापार आहे, पलटणींचा मुक्काम आहे, कायदेमंडळाचे ठराव आहेत, आणि खिशांत थोडे पैसे असलेल्या माणसाची अक्कल आहे.

आसगांव हें पवनी तालुक्यांतलें गांव. भोंवतालचा मुलूख धानाचा. धानाच्या चिखलांत वर्षानुवर्षें राबलेल्या जनावराचें मांस कोंवळें असावें कसें? जो स्नायु अधिक राबतो त्यांत बळकट पांढरे पडदे व तंतू अधिक असतात, आणि जनावराचें वय वाढतें तसे ते तंतू एकमेकांस अधिक घट्ट बांधले जातात. मानेचें, फऱ्याचें व नळीचें मांस म्हणूनच चिवट, आणि चिवट म्हणूनच स्वस्त. पैसेवाल्यानें पाठीचा मऊ भाग न्यावा व गरिबानें मान-नळी न्यावी, हा बाजाराचा नियम सर्व देशांत एकच आहे. यांत एक गंमत अशी कीं, चव पाहूं गेल्यास ती त्या राबलेल्या भागांतच अधिक असते. मात्र ती बाहेर काढावयास वेळ मोजावा लागतो.

विलायतेंतील मूळचा रोस्ट म्हणजे उघड्या विस्तवासमोर सळईवर फिरविलेला मांसाचा मोठा तुकडा. त्यास पोसलेलें कोंवळें जनावर हवें. नागपुराजवळ कन्हान नदीच्या कांठीं कामठीची छावणी १८२१ सालीं वसली, आणि तेथील गोऱ्या पलटणींत आयर्लंडचे कॅथलिक शिपाईहि असत. साहेबाची मागणी रोस्टाची, आणि या देशांतील खानसाम्याच्या हातीं ना तशी भट्टी, ना तसें मांस. त्यानें तोड काढली ती पातेल्याची. तुकडा चरबींत सर्व बाजूंनीं लाल करावयाचा, बेताचें पाणी घालून झांकण बसवावयाचें, आणि झांकणावरहि निखारे ठेवावयाचे. नांव रोस्टाचें राहिलें, पण शिजणें झालें वाफेवर. आमच्या मतें ही तडजोड मूळ पदार्थाहून सरस आहे, व तिचें श्रेय ज्यांचीं नांवें कोणत्याहि पुस्तकांत नाहींत अशा आचाऱ्यांकडे जातें.

पश्चिम किनाऱ्यावर हीच विद्या दुसऱ्या वाटेनें आली. पोर्तुगीजांनीं १५१० मध्यें गोवें घेतलें. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत त्यांच्याकडे होती. त्यांच्या घरीं मांस टिकविण्याची एक रीत होती. द्राक्षाचा दारू व लसूण यांत तें मुरवीत, आणि या रीतीचें नांव त्यांच्या भाषेंत त्या दोन जिनसांवरूनच पडलेलें होतें. इकडे द्राक्षाचा दारू कोठला? माडाच्या ताडीचा शिरका आला, त्यांत मिरी, आलें, दालचिनी पडली, आणि अमेरिकेहून त्याच लोकांनीं आणलेली मिरची आली. त्यांतून जें झालें त्यास विंदालू म्हणूं लागले. नांवांतला ‘आलू’ पाहून पुष्कळ जण त्यांत बटाटे शोधतात. तो आलू नसून लसूण आहे. बटाटा मात्र, शब्द व कंद दोन्ही, पोर्तुगीजांमार्फतच आमच्याकडे पोंचला, आणि आज रोस्टाच्या पातेल्यांत त्याचें स्थान पक्कें आहे. कच्ची पपईहि त्याच जहाजांची देणगी. तिच्या चिकांत मांस विरघळविणारें द्रव्य असतें. पण तें बेतानें लावावें, नाहीं तर मांस मऊ न होतां पिठूळ होतें.

परंतु शिरका व मिरची येण्याच्या कितीतरी आधीं, आमच्याच मराठी मुलखांत, गांवकुसाबाहेरच्या घरांनीं कठीण मांसाशीं झुंज घेतली होती. मराठवाड्यांतील महार-मांगांच्या घरीं मांसाच्या लांब पट्ट्या कापून उन्हांत वाळवीत. त्यांस चान्या म्हणत. श्री. शाहू पाटोळे यांनीं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकांत या सर्व खाण्याची नोंद केली, हें मोठें काम झालें. तें खाणें आवडीचें कमी व नाइलाजाचें अधिक होतें. गांवाचें मेलेलें जनावर ओढणें ज्याच्या नशिबीं, त्याच्याच वांट्यास तें मांस. डॉ. आंबेडकरांनीं १९२७ मध्यें महाड येथें मृत मांस सोडण्याचें आवाहन केलें, तें याच अपमानाविरुद्ध. जी घरें तें सोडून बाहेर पडलीं त्यांचा मान राखून आम्ही हें लिहीत आहों. स्वतःच्या पैशानें आणलेलें मांस सणाला शिजविणें ही निराळी गोष्ट आहे.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. सुमारें एक किलोचा अखंड तुकडा घ्यावा. मीठ, आल्या-लसणाचें वाटण, कुटलेली मिरी, थोडी हळद व दोन चमचे शिरका चोळून रात्रभर मुरूं द्यावा. दुसऱ्या दिवशीं तापल्या चरबींत सर्व अंगांनीं लाल करावा. रस्स्याचा रंग व वास येथेंच ठरतो. मग दोन-चार सुक्या मिरच्या, दालचिनी, लवंगा व पेलाभर पाणी घालून झांकण लावावें. यापुढें जें होतें तें ध्यानांत घेतल्यावांचून मांस मऊ होणार नाहीं. पहिल्या अर्ध्या-पाऊण तासांत मांस आखडतें व पूर्वीपेक्षां अधिक कठीण लागतें. नवखी गृहिणी घाबरून जाळ वाढविते, आणि तेथेंच घात होतो. खळखळून उकळलें म्हणजे मांसाचे धागे पिळून कोरडे पडतात. आंच इतकी मंद हवी कीं पाण्यावर मधूनमधून एखादा बुडबुडा यावा. त्या उष्णतेंत पांढरे तंतू हळूहळू विरघळून त्यांचा चिकट रस होतो, तोच रस्स्याला दाटपणा देतो व कोरड्या धाग्यांना ओलावा. यास अडीच-तीन तास लागतात, म्हाताऱ्या म्हशीच्या मांसास त्याहूनहि अधिक. काडी टोंचली असतां विनाअडथळा आंत गेली कीं झालें. बटाटे शेवटच्या अर्ध्या तासांत घालावे. कापतांना धाग्याला आडवें कापावें. उभें कापल्यास सारी मेहनत दांतांत अडकते.

भांड्याविषयीं आमच्या जिल्ह्यास विशेष सांगावयाचें आहे. भंडारा पितळेच्या भांड्यांकरितां प्रसिद्ध. पण कल्हई नसलेल्या पितळेंत किंवा तांब्यांत शिरका, चिंच, लिंबू पडलें कीं विषारी कळंक येतो. म्हणून शिरक्याचा रोस्ट कल्हई केलेल्या पातेल्यांत किंवा मातीच्या मडक्यांतच करावा.

खरा प्रश्न सरपणाचा होता. स्वस्त मांसावर तीन तास लांकडें जाळलीं तर तें स्वस्त राहिलें कोठें? म्हणून गोवऱ्यांची धुमसती आंच, भाताच्या तुसाची शेगडी, विझत्या चुलींतले निखारे, असे मार्ग निघाले. कलकत्त्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनीं १९१० मध्यें काढलेला इकमिक कुकर याच जातीचा. थोड्या कोळशावर डब्यांची उतरंड वाफेनें शिजे, आणि राखण करावी लागत नसे. त्याच्याहि फार आधीं, १६७९ सालीं, दनी पापें या फ्रेंच गृहस्थानें लंडनमध्यें घट्ट झांकणाचें पात्र दाखविलें होतें, त्यांत हाडेंसुद्धां मऊ होत. तीच कल्पना आपल्या देशी कारखान्यांतून घरोघर पोंचूं लागली ती १९५९ पासून, हॉकिन्स व प्रेस्टिज या नांवांनीं. दाबामुळें आंतील पाणी १०० ऐवजीं सुमारें १२० अंशांवर उकळतें, आणि तीन तासांचें काम पाऊण तासांत उरकतें. कुकरचा रोस्ट पातेल्याच्या रोस्टाइतका रुचकर होत नाहीं असें आमचें मत आहे. पण जी बाई दिवसभर रोवणीला वाकून घरीं येते तिला हें मत ऐकविण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं.

सणाच्या दिवशीं मंद आंचेची आणखी एक सोय होती. कम्युनियन घेणारास मध्यरात्रीपासून अन्न-पाणी वर्ज्य असे. ही शिस्त १९५३ पासून टप्प्याटप्प्यानें सैल झाली. शुक्रवारीं मांस नाहीं, प्रायश्चित्तकाळांत हात आंखडता. अशा उपवासानंतर घरीं परतलेल्या माणसांना तयार अन्न हवें, आणि निखाऱ्यांवर ठेवून गेलेलें मडकें तेवढा वेळ कोणाचीहि वाट पाहत बसूं शकतें.

पातेल्यांत काय पडावें हें कायद्यानेंहि ठरविलें आहे. भंडारा जिल्हा मध्यप्रांत व वऱ्हाडांत असतांना १९४९ मध्यें तेथें प्राणिरक्षणाचा कायदा झाला. १९५१ व १९५६ च्या दुरुस्त्यांनीं गाय, वासरूं, वळू व बैल यांच्या कत्तलीस बंदी झाली, म्हशी-रेड्यांस दाखल्याची अट राहिली. सर्वोच्च न्यायालयानें १९५८ मध्यें गाय व वासरें यांचें संरक्षण कायम केलें, पण निकामी झालेल्या बैलांवरील सरसकट बंदी मान्य केली नाहीं. पुढें महाराष्ट्राचा १९७६ चा कायदा आला, आणि त्याची दुरुस्ती मार्च २०१५ मध्यें अंमलांत येऊन बैल व वळू पुन्हां बंदींत आले. तेव्हां आज कायद्यानें मिळतें तें म्हशीचें व रेड्याचें मांस. रंगानें काळसर, धाग्यानें जाड. त्यास शिरका थोडा अधिक व आंच अधिक वेळ द्यावी लागते.

उरलेला तुकडा त्याच दिवशीं संपवूं नये. तो थंड झाल्यावर पातळ काप नीट पडतात, आणि दुसऱ्या सकाळीं तेच काप आपल्याच गोठलेल्या रस्स्यांत परतून भाकरीबरोबर वाढावे. पाहुणे गेलेले असतात, आणि घरच्या बाईला पहिल्यानें बसून जेवावयास सांपडतें तें बहुधा तेव्हांच.