मिशेल यांचे सूत्र

चालत्या जहाजाला पाणी मुख्यतः दोन तऱ्हांनी अडवते: घर्षणाने आणि जहाजानेच उठवलेल्या लाटांनी. विल्यम फ्राउड यांनी १८७२ च्या सुमारास इंग्लंडात टॉर्की येथे लांब हौद बांधून, त्यात प्रतिकृती ओढून हा विरोध मोजला. मेलबर्नचे गणिती जॉन हेन्री मिशेल यांनी १८९८ मध्ये नुसत्या आकारावरून लाटांचा विरोध सांगणारे सूत्र मांडले. अट एकच, जहाज अगदी अरुंद हवे. सूत्र दीर्घकाळ उपेक्षित राहिले. एकात एक गुंतलेली तीन समाकलने हाताने सोडवणार कोण? शिवाय खरी जहाजे पोटाने रुंद!

कॅटामरानच्या (मूळ तमिळ शब्द ‘कट्टुमरम’, बांधलेली लाकडे) जोडलेल्या दोन्ही नावा मात्र अरुंदच असतात. संगणकाने आकडेमोड सोपी केली, आणि ॲडलेडच्या अर्नेस्ट टक यांनी सूत्राला पुन्हा न्याय दिला. दोन नावांच्या लाटा एकमेकींना कुठे वाढवतात, कुठे मोडतात, तेही त्यातून दिसते. मधले अंतर बांधणीआधीच अजमावता येते. घर्षणाचा हिशेब मात्र वेगळाच मांडावा लागतो. मिशेल यांनी १९०२ नंतर संशोधन छापणे जवळजवळ सोडले होते. १९४० मध्ये ते वारले.