भयाचे नामकरण : मराठी भयविनोदी चित्रपटांतील एक भाषिक विशेष

भयपटाचे प्रेमळ विडंबन हा प्रकार पाश्चात्त्य चित्रपटसृष्टीत चांगलाच रुळलेला आहे. १९७४ च्या ‘यंग फ्रँकेन्स्टाइन’ या चित्रपटासाठी दिग्दर्शक मेल ब्रुक्स यांनी १९३१ च्या मूळ ‘फ्रँकेन्स्टाइन’मधील प्रयोगशाळेची उपकरणे मुद्दाम मिळवून वापरली. ज्याची थट्टा करावयाची त्याविषयी आदरही बाळगावयाचा, हे या प्रकाराचे मर्म होय. मराठीत असा पडद्यावरील राक्षसांचा वारसा नव्हता. मग मराठी भयविनोदाने आपुलकी आणली कोठून? प्रस्तुत लेखकाच्या मते ती मुख्यत्वे भाषेतून, आणि त्यातही नामकरणातून आली.

महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ (१९९३) हे याचे ठळक उदाहरण. मरणोन्मुख गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो, ही कल्पना १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकन चित्रपटातली. तेथील गुंडाचे नाव चार्ल्स ली रे. मॅन्सन, ऑस्वाल्ड आणि जेम्स अर्ल रे या तीन कुप्रसिद्ध गुन्हेगारांच्या नावांतून ते जुळविलेले आहे. मराठी गुंड मात्र ‘तात्या विंचू’. ‘तात्या’ हा संस्कृत ‘तात’ शब्दाशी नाते सांगणारा, वडीलधाऱ्या पुरुषास लावावयाचा शब्द. केज परिसरात वडिलांना, चुलत्यांना वा गावातील एखाद्या वृद्धाला आजही याच नावाने हाक मारतात. ‘विंचू’ म्हणजे संस्कृत ‘वृश्चिक’. बालाघाटाच्या माळावर दगड उचलणारा मनुष्य त्याला विसरू शकत नाही. आदराचे संबोधन आणि विषारी नांगी एकाच नावात एकत्र आल्यामुळे ते उच्चारताच भय आणि हसू दोन्ही उत्पन्न होतात.

ही नामयोजना अगदीच नवी नव्हती. हा बाहुला हाताळणारे रामदास पाध्ये यांच्या घराण्यात त्यांचे वडील य. के. पाध्ये यांनी निर्माण केलेला ‘अर्धवटराव’ पूर्वीपासून होता. तेथेही न्यूनतादर्शक ‘अर्धवट’ला आदरार्थी ‘राव’ जोडलेला दिसतो. बोलक्या बाहुल्यावर माया करण्याची सवय प्रेक्षकांना आधीच लागली होती. १९९३ मध्ये त्याच मायेच्या वाटेने भय घरात शिरले.

तात्याच्या साथीदाराचे नाव ‘कुबड्या खवीस’. अरबीतून आलेला ‘खबीस’ म्हणजे दुष्ट. मराठी लोकसमजुतीत त्याचा ‘खवीस’ होऊन तो भूतांच्या एका जातीचा वाचक झाला. चित्रपटाची शीर्षकेही बोलकी आहेत. ‘ड्रॅक्युला’ (१९३१), ‘द ममी’ (१९३२) ही शीर्षके भयकारकाची आहेत. ‘झपाटलेला’ आणि कोठारे यांचाच ‘पछाडलेला’ (२००४) ही बाधित व्यक्तीची. शिवाय माणूस भुताने झपाटतो तसा नाटकाने वा अभ्यासानेही झपाटतो. त्यामुळे या शब्दात निंदेइतकेच कौतुकही आहे. आदित्य सरपोतदार यांच्या ‘झोंबिवली’ने (२०२२) परकीय ‘झोंबी’ची डोंबिवलीशी सांगड घातली, मराठी कानाला तीत कुस्तीची ‘झोंबी’ आणि ‘झोंबणे’ हे क्रियापदही ऐकू येते.

या चित्रपटांस केवळ नक्कल म्हणून बाजूस सारण्याची प्रवृत्ती अभ्यासकांत आढळते. कथानकापुरता तो आक्षेप मान्य केला, तरी भाषेच्या बाबतीत तो टिकत नाही. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकातच भारुडांत विंचू आणि भूत यांना लोकांसमोर नाचविले होते. तेथे श्रोता आधी हसतो आणि मग अंतर्मुख होतो. या चित्रपटांना भारुडाची आध्यात्मिक खोली आहे, असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु ज्याला नाव देऊन हाक मारता येते, त्याचे भय निम्मे सरते, ही जाण दोहोंत समान आहे. समंध, हडळ, मुंज्या यांसारखे शब्द नव्या पिढीच्या बोलण्यातून मागे पडत असताना, ‘खवीस’ हा शब्द अनेक मुलांना आजीच्या आधी पडद्याने शिकविला असेल. त्या शब्दांचे जतन कोठे होत आहे हे पाहणे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे. स्थळ प्रतिष्ठित नाही म्हणून ते टाळता येणार नाही.