चषक रिकामा, पिंपे भरलेली

सोळाव्या शतकात लिस्बनहून गोव्यास निघणारी पोर्तुगीज जहाजे द्राक्षारसाची पिंपे भरून घेत. खलाशांच्या शिध्यात तो असे. सधन उतारू पदरचा साठाही घेऊन चढत. तरीही भर समुद्रात बहुधा ‘कोरडी मिस्सा’च होई. हेलकाव्याने ख्रिस्तरक्त सांडू नये, म्हणून धर्मगुरू प्रार्थना व शुभवर्तमान वाचीत, पवित्रीकरण मात्र टाळीत. संत फ्रान्सिस झेवियर ७ एप्रिल १५४१ रोजी निघाले, ते मोझांबिकचा दीर्घ मुक्काम धरून ६ मे १५४२ रोजी गोव्यास पोहोचले. अशा लांबच्या प्रवासात द्राक्षारस जवळ असूनही भाविक ख्रिस्तप्रसादास मुकत. ती उणीव आदरापोटीच सोसली जाई. रविवारी आपल्या मंदिरात चषक उंचावला जातो, तेव्हा त्या उतारूंची प्रतीक्षा आम्हांस आठवते.