सामायिक संगणक : इतिहास आणि आजची निवड

शाळेत संगणक-कक्ष उभारायचा म्हटले की पालकांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो खर्चाचा. पन्नास मुलांसाठी पन्नास संगणक आणायचे कोठून? प्रश्न रास्त आहे; पण तो नवा नाही. साठ वर्षांपूर्वी अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयापुढेही तो होता.

त्या काळी संगणक खोली व्यापून बसे आणि त्याची किंमत मोठ्या संस्थांनाही जड जाई. तरीही जॉन केमेनी व थॉमस कर्ट्झ या गणिताच्या प्राध्यापकांचा आग्रह असा की, संगणक केवळ शास्त्रज्ञांचा न राहता प्रत्येक विद्यार्थ्याला हाताळता आला पाहिजे. १ मे १९६४ रोजी पहाटे त्यांची योजना साकार झाली. संगणक एकच, त्याला तारांनी जोडलेली टेलिटाइप यंत्रे अनेक. आळीपाळीने तो सर्वांची कामे इतक्या चपळाईने करी की, तो आपल्या एकट्याच्याच सेवेत आहे असे प्रत्येकाला वाटे. पुढे आसपासच्या माध्यमिक शाळाही टेलिफोनच्या तारांनी त्याला जोडल्या गेल्या.

१९८० नंतर वैयक्तिक संगणक स्वस्त होत गेले व ही पद्धत मागे पडली. परंतु प्रत्येक यंत्राची वेगळी देखभाल खर्चिक ठरू लागली, आणि जुनी कल्पना ‘थिन क्लायंट’ या नावाने परतली. विद्यार्थ्यापुढे पडदा, कळफलक आणि एक लहानशी पेटी. त्याचा डेस्कटॉप मात्र दूरच्या सर्व्हरवर चालतो.

१९९९ साली या वाटेला दोन फाटे फुटले. सन कंपनीच्या ‘सन रे’ पेटीत डिस्क नव्हती. कार्ड घातले की आपले अर्धवट काम दुसऱ्या पडद्यावर पुढे सुरू करता येई. सोय उत्तम, पण ती कंपनीच्याच प्रणालीला बांधलेली. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली आणि काही वर्षांत या पेट्या बंद पडल्या. १९९९ सालीच निघालेल्या ‘लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट’ने मात्र मोफत प्रणाली देऊन जुन्या, डिस्क नसलेल्या संगणकांनाही कामाला लावले. २०१२ मध्ये इंग्लंडात अवघ्या ३५ डॉलरचा रास्पबेरी पाय आला. त्यालाही हे काम जमते.

या इतिहासातून काय घ्यावे? पहिले, केवळ पेटीची किंमत पाहू नये. सर्व्हर, जोडणी, पडदे आणि प्रणालीचे परवाने मिळून हिशेब करावा. दुसरे, एकाच कंपनीला बांधून टाकणारे यंत्र स्वस्त असले तरी पुढे महाग पडते. तिसरे, सर्व्हर बंद पडला की सारा वर्ग थांबतो. म्हणून विजेची पर्यायी सोय आणि माहितीची दुसरी प्रत हवीच. चौथे, चार-पाच यंत्रांवर महिनाभर वर्ग चालवून पाहावा, चलच्चित्रे नीट दिसतात का हे तपासावे, मगच मोठी खरेदी करावी.

पालकहो, शाळेचा पैसा हा आपल्या घामाचा पैसा आहे. खरेदीपूर्वी हे चार प्रश्न निःसंकोच विचारा. आणि विद्यार्थी मित्रांनो, ध्यानात ठेवा: डार्टमथच्या मुलांपैकी कोणाचाही स्वतःचा संगणक नव्हता, तरी शिकण्याची संधी मात्र प्रत्येकाची होती.