टर्कीच्या शिकारीचा बाण : फाळाच्या निवडीचा इतिहास

रानटर्की हा मूळचा उत्तर अमेरिकेचा पक्षी. पूर्ण वाढलेला नर सात ते अकरा किलो भरतो, त्याच्या अंगावर पाच-सहा हजार पिसे असतात आणि धोक्याची चाहूल लागताच तो पळतो किंवा थोडे अंतर जोरात उडून दिसेनासा होतो. मेक्सिकोतील पाळीव टर्की स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकाच्या आरंभी युरोपात नेली. पुढे ती पोर्तुगीजांच्या गोव्यातही आली. १६१२ मध्ये मुघल सरदार मुकर्रबखानाने गोव्याहून आणलेला हा पक्षी जहांगीराला इतका नवलाचा वाटला की त्याने दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूरकडून त्याचे चित्र काढवून घेतले. रानातली टर्की मात्र अमेरिका खंडातच राहिली आणि तिची बाणाने शिकार करण्याची परंपराही तिथेच वाढली.

या परंपरेत बाणाचा फाळ कोणता निवडावा हा प्रश्न पक्ष्याच्या शरीररचनेतून उभा राहतो. हरणाचे हृदय आणि फुप्फुसे मोठी जागा व्यापतात. टर्कीच्या बाबतीत हा भाग फार तर संत्र्याएवढा असतो. शिवाय तो पिसाऱ्याच्या फुगीर आकारात लपलेला असतो. नर पिसारा फुलवून उभा राहिला की दिसणाऱ्या आकाराचा बराच भाग नुसत्या पिसांचा असतो. जखमी हरीण रक्ताच्या थेंबांवरून शोधता येते. टर्कीचे रक्त पिसांतच शोषले जाते आणि पक्षी उडाला तर माग तिथेच तुटतो. म्हणून पक्षी जागीच पडावा, हे फाळाच्या निवडीमागचे सर्वांत जुने आणि आजही सर्वांत महत्त्वाचे सूत्र आहे.

उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडील जंगलांत धनुष्यबाण तसा उशिरा, साधारण इ. स. ७०० च्या सुमारास सर्वत्र रुळला. त्याआधी हजारो वर्षे तेथे फेकदांड्याच्या जोरावर मारायचे लांब भाले वापरात होते आणि त्यांची दगडी टोके मोठी व जड असत. धनुष्य आल्यावर टोके झपाट्याने लहान झाली. दोन-तीन सेंटिमीटर लांबीची पातळ त्रिकोणी टोके या काळातली आहेत. शेतात सापडणाऱ्या अशा टोकांना अमेरिकेत ‘पक्ष्यांची टोके’ म्हणण्याची पद्धत पडली, कारण एवढ्याशा दगडाने हरीण मरेल यावर कोणाचा विश्वास बसत नसे. वस्तुस्थिती वेगळी आहे. बाणाची खरी टोके हीच आणि त्यांनी हरणापासून टर्कीपर्यंत सर्व शिकार होत असे. हलक्या बाणाला जड टोक लावले तर त्याचा तोल बिघडतो. टोकाचा आकार शिकारीच्या आकारापेक्षा बाणाच्या वजनावर ठरत होता. लहान पक्ष्यांसाठी अनेकदा टोकच लावत नसत. लाकडाचे बोथट, जाड डोके पुरेसे होई.

व्हर्जिनियातील पोहॅटन लोकांच्या बाणांचे वर्णन कॅप्टन जॉन स्मिथने १६१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केले आहे. त्यांच्या काही बाणांना पांढऱ्या स्फटिकासारख्या दगडाचे टोक असे, काहींना पक्ष्याच्या चोचीचे आणि काहींना टर्कीच्या पायामागच्या काट्याचे. नराच्या पायावरचा हा काटा टणक, अणकुचीदार आणि किंचित वाकलेला असतो. हरणाची तात आणि शिंगांची टोके उकळून केलेला सरस थंड पाण्यात विरघळत नसे. त्याने टोक दांड्याला पक्के बसवीत. बाणाच्या मागच्या टोकाला लावायची पिसेही टर्कीचीच असत. मारलेल्या पक्ष्यातूनच पुढच्या बाणाचे सामान निघत होते.

युरोपीय वसाहती वाढल्या तशी लोखंडाची आणि तांब्याची टोके आली, मग बंदूक आली. छऱ्याच्या बंदुकीने टर्कीची शिकार सोपी झाली आणि बाजारात विकण्यासाठी ती बेसुमार होऊ लागली. जंगलतोडीने उरलेसुरले आसरेही गेले. मॅसॅच्युसेट्समधली शेवटची रानटर्की १८५१ मध्ये मारली गेली. १९२० पर्यंत, जिथे हा पक्षी पूर्वी नांदत होता अशा ३९ राज्यांपैकी १८ राज्यांतून तो नाहीसा झाला होता. या काळात टर्कीसाठी बाणाचा फाळ निवडण्याचा प्रश्नच उरला नाही, कारण पक्षीही संपत आले होते आणि धनुर्धारीही.

धनुर्विद्येची आवड परत आणण्याचे श्रेय मॉरिस आणि विल थॉम्पसन या भावांकडे जाते. अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेले हे दोघे युद्धानंतर फ्लॉरिडा-जॉर्जियाच्या रानांत धनुष्य घेऊन हिंडले. मॉरिसचे ‘द विचरी ऑफ आर्चरी’ हे पुस्तक १८७८ मध्ये आले आणि पुढच्याच वर्षी राष्ट्रीय धनुर्विद्या संघटना स्थापन झाली.

दुसरे वळण कॅलिफोर्नियात लागले. ‘याही’ नावाच्या जमातीचा एकटाच उरलेला इशी १९११ मध्ये ऑरोव्हिल गावात प्रकट झाला आणि पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ संग्रहालयात राहिला. तेथील वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉक्टर सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुर्विद्या शिकले. ऑब्सिडियन, म्हणजे ज्वालामुखीची काळी काच, आणि फुटक्या बाटल्यांची काच शिंगाच्या टोकाने दाबून, कपचा उडवून इशी फाळ घडवीत असे. पोप यांनी ऑब्सिडियनचा आणि पोलादाचा फाळ ताडून पाहिला, तेव्हा काचेची धार मांसात अधिक खोल गेली. तरीही त्यांनी आपल्या शिकारीसाठी पोलादच पत्करले, कारण काच हाडावर किंवा दगडावर आपटताच फुटते. १९१६ मध्ये इशी वारला. पोप यांचे ‘हंटिंग विथ द बो अँड अॅरो’ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि घरच्या घरी कानस, पत्रा आणि डाख यांच्या साहाय्याने फाळ बनवणारी एक पिढी तयार झाली.

१९३४ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने हरणांसाठी केवळ धनुष्यबाणाचा स्वतंत्र हंगाम जाहीर केला. इतर राज्यांनीही हाच मार्ग धरला आणि कारखान्यात बनलेल्या फाळांना गिऱ्हाईक मिळाले. रुंद, धारदार पात्याच्या या फाळाला ब्रॉडहेड म्हणतात. नामवंत धनुर्धर हॉवर्ड हिल दोन पात्यांचा, रुंदीच्या तिप्पट लांब असा फाळ वापरण्याचा आग्रह धरी. निमुळता फाळ कमी जोराच्या धनुष्यातूनही खोल जातो, हे त्यामागचे कारण. १९५६ मध्ये मिशिगनच्या फ्रेड बेअर यांनी ‘रेझरहेड’ बाजारात आणला. मुख्य पात्याला आडवी खाच ठेवून तिच्यात दाढीच्या पात्यासारखे पातळ दुसरे पाते सरकवता येत असे. ते बोथट झाले की काढून नवे घालायचे. कानस आणि निसणा यांवरचे अवलंबन इथून कमी होऊ लागले.

१९६९ मध्ये मिसुरीच्या हॉलिस विल्बर ॲलन यांना कप्प्या बसवलेल्या कंपाउंड धनुष्याचे पेटंट मिळाले आणि जुने हिशेब बदलले. बाणाचा वेग वाढत गेला आणि पुढे सेकंदाला तीनशे फुटांच्या आसपास पोहोचला. इतक्या वेगात रुंद पात्यावर हवेचा दाब येतो, पाते मागच्या पिसांशी झुंजू लागते आणि बाण भरकटतो. त्यावर उपाय म्हणून सत्तर-ऐंशीच्या दशकांत आखूड, तीन पात्यांचे, पाती बदलता येणारे फाळ आले. त्यांचे वजनही ठरीव झाले : १०० किंवा १२५ ग्रेन, म्हणजे सुमारे साडेसहा किंवा आठ ग्रॅम. सरावाचे टोक त्याच वजनाचे मिळू लागल्याने सरावातला नेम शिकारीतही टिकू लागला. नव्वदच्या दशकात मिटलेल्या पात्यांचे यांत्रिक फाळ लोकप्रिय झाले. उडताना त्यांची पाती दांड्यालगत मिटलेली असतात आणि आदळताच उघडतात.

दरम्यान टर्कीही परतली. पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी रानात सोडण्याचे प्रयत्न फसले होते, कारण त्यांना शत्रू ओळखता येत नसे. १९५० च्या दशकात स्फोटकाच्या जोरावर उडणाऱ्या जाळ्यांनी रानातलेच कळप पकडून नव्या जंगलांत सोडण्याची पद्धत रुजली आणि तिला यश आले. १९७३ मध्ये राष्ट्रीय रानटर्की महासंघ स्थापन झाला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी या पक्ष्यांची संख्या साठ-सत्तर लाखांच्या घरात गेली. अलास्का सोडून सर्व राज्यांत टर्कीच्या शिकारीचे हंगाम सुरू झाले, आणि फाळाच्या निवडीचा प्रश्न नव्याने उभा राहिला.

आरंभी शिकाऱ्यांनी हरणाचेच फाळ वापरले. बाण आरपार जाई आणि पक्षी उडून जाई. मग फाळाच्या मागे आडवे काटे किंवा चकती लावून बाण अंगातच अडकवण्याची युक्ती निघाली. रुतलेला बाण पक्ष्याला नीट पंख पसरू देत नाही, अशी त्यामागची समजूत. काहींनी बाणाला बारीक दोरा बांधून त्याचे रीळ धनुष्यावर बसवले, म्हणजे दोऱ्यामागून पक्ष्यापर्यंत पोहोचता येई. रुंद कापणारे यांत्रिक फाळ आल्यावर या युक्त्या मागे पडल्या. या फाळांना उघडण्यात काही शक्ती खर्चावी लागते आणि मोठ्या हरणाच्या जाड हाडांपुढे ही उणीव ठरू शकते. टर्कीची हाडे त्या मानाने नाजूक असतात. त्यामुळे दीड-दोन इंच रुंद जखमेचा फायदा मिळतो आणि नेम थोडा चुकला तरी पक्षी निसटण्याचा संभव घटतो.

तिसरा मार्ग मान आणि डोके यांचा. पुढे धार असलेली लांब पाती चहूबाजूंनी पसरलेला फाळ मानेवर मारला तर पक्षी जागच्या जागी मरतो; नेम चुकला तर बहुतेक वेळा काहीच इजा न होता वाचतो. ही कल्पना नवी नाही. रोमन सम्राट कोमोडस याने चंद्रकोरीच्या आकाराच्या फाळांनी शहामृगांच्या माना छाटल्याचे इतिहासकार हेरोडियन सांगतो. अमेरिकेत याच तत्त्वावर ‘गॉब्लर गिलोटिन’ आणि ‘बुलहेड’ यांसारखे फाळ निघाले. त्यांच्या अटी कडक आहेत. पाती धनुष्याच्या मुठीला लागू नयेत म्हणून बाण नेहमीपेक्षा लांब घ्यावा लागतो, तो सरळ जावा म्हणून मागे मोठी पिसे लावावी लागतात, आणि अंतर फारच कमी ठेवावे लागते. मान सतत हलत असते, हेही विसरून चालत नाही.

म्हणून निवड शेवटी धनुष्याचा जोर, अंतर आणि नेमाची जागा या तीन गोष्टींवर ठरते. कमी जोराच्या किंवा पारंपरिक धनुष्यासाठी दोन पात्यांचा स्थिर, नीट धार लावलेला फाळ योग्य. कंपाउंड धनुष्यातून पंखाच्या मुळाशी नेम धरायचा तर रुंद यांत्रिक फाळ उपयोगी. टर्कीची नजर तीक्ष्ण असल्याने शिकारी बहुधा कापडी आडोशात बसतात. आडोशाच्या जाळीतूनच बाण सोडायचा असेल तर यांत्रिक पाती जाळीला लागून आधीच उघडू शकतात. तिथे स्थिर पाते हवे.

कायद्यानेही या निवडीला मर्यादा घातल्या आहेत. अनेक राज्यांत फाळाची रुंदी किमान पाऊण इंचाहून थोडी अधिक, म्हणजे ७/८ इंच असावी लागते, आणि मागे वळलेल्या काट्यांच्या फाळांना बऱ्याच ठिकाणी मनाई आहे. आयडाहो आणि ऑरेगॉनसारख्या पश्चिमेकडील राज्यांनी यांत्रिक फाळांना दीर्घकाळ परवानगी दिली नव्हती. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला होता. १९७२ च्या दुरुस्तीने तो धनुष्यबाणांच्या साहित्यालाही लागू झाला. फाळांवर आज ११ टक्के कर पडतो आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव विभागांकडे जातो. टर्कीला नव्या जंगलांत नेऊन वसवण्याच्या कामाला याच कायद्यातून पैसा मिळाला. बंदूक आणि बाजार यांनी जवळजवळ संपवलेला पक्षी रानात टिकवण्याच्या खर्चात फाळ विकत घेणाऱ्याचाही वाटा आहे.