पदव्युत्तर प्रवेश परीक्षा : महाराष्ट्र व सोलापूर

विद्यापीठाची पहिली पदवी संपादन केलेल्या उमेदवारांमधून पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी निवड करण्याकरिता घेण्यात येणारी प्रमाणित लेखी वा संगणकीय कसोटी म्हणजे पदव्युत्तर प्रवेश परीक्षा होय. पदवी परीक्षा आणि प्रवेश परीक्षा यांत मूलभूत भेद आहे. विद्यार्थ्याने विशिष्ट अभ्यासक्रम समाधानकारक रीतीने पूर्ण केला किंवा नाही, हे पदवी परीक्षेवरून ठरते. प्रवेश परीक्षेवरून तो इतर उमेदवारांच्या तुलनेत कोठे बसतो, एवढेच ठरते. पहिल्या परीक्षेत सर्वच उत्तीर्ण होऊ शकतात. दुसरीत जागा जितक्या तितकेच निवडले जातात. सर्व उमेदवारांना सारख्याच काठिण्याचे प्रश्न, सारखाच वेळ व गुणदानाची एकच पद्धती लागू असणे, ही अशा कसोटीच्या ‘प्रमाणित’ असण्याची गमके मानली जातात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले व त्याची पहिली प्रवेश परीक्षा (मॅट्रिक्युलेशन) १८५९ मध्ये झाली. ती शालेय शिक्षणाच्या समाप्तीची नव्हे, तर विद्यापीठात पाऊल टाकण्याची परीक्षा होती. पुढे शालान्त परीक्षा मंडळ १९४८ च्या कायद्याने अस्तित्वात आल्यावर हे कार्य विद्यापीठाकडून मंडळाकडे गेले आणि ‘प्रवेश परीक्षा’ हा शब्द काही काळ मागे पडला.

स्पर्धेच्या तत्त्वावरील निवडीचा भारताशी संबंधित पहिला मोठा प्रयोग मुलकी सेवेच्या परीक्षेचा. १८५३ च्या सनदी कायद्याने शिफारशीवरून नेमणुका करण्याची जुनी प्रथा संपुष्टात आली आणि १८५५ पासून लंडन येथे खुली स्पर्धा परीक्षा सुरू झाली. तत्त्वतः ती भारतीयांनाही खुली होती. परंतु केंद्र केवळ लंडन असल्याने प्रवासखर्च, परदेशगमनाला असलेला धार्मिक विरोध आणि १८७८ पासून एकोणीस वर्षांपर्यंत खाली आणलेली वयोमर्यादा यांमुळे हा खुलेपणा पुष्कळ अंशी कागदावरच राहिला. भारत व इंग्लंड येथे एकाच वेळी परीक्षा घ्यावी, ही राष्ट्रीय सभेची १८८५ पासूनची मागणी होती. ब्रिटिश लोकसभेने १८९३ मध्ये तशा आशयाचा ठराव केला, तरी भारतात ही परीक्षा प्रत्यक्षात १९२२ मध्ये, अलाहाबाद येथे, प्रथम झाली. परीक्षेची न्याय्यता प्रश्नपत्रिकेइतकीच तिच्या केंद्रस्थानावर अवलंबून असते, हा या इतिहासाचा बोध पुढील काळातही उपयुक्त ठरला आहे.

प्रमाणित कसोटीचे तंत्र मात्र मुख्यतः अमेरिकेत विकसित झाले. बहुपर्यायी प्रश्नांचा वापर तेथे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सुरू झाला. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या वर्गीकरणासाठी सामूहिक बुद्धिमापन कसोट्या योजण्यात आल्या. त्यांच्या अनुभवावरून १९२६ मध्ये महाविद्यालयीन प्रवेशासाठी अभिक्षमता कसोटी आली. पदव्युत्तर प्रवेशासाठीची ‘ग्रॅज्युएट रेकॉर्ड एक्झॅमिनेशन’ (जीआरई) ही कार्नेगी प्रतिष्ठान आणि हार्व्हर्ड, येल, प्रिन्स्टन व कोलंबिया या चार विद्यापीठांच्या सहकार्याने १९३६ च्या सुमारास सुरू झाली. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या ‘एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस’ या संस्थेकडे पुढे तिची व्यवस्था आली. परदेशी उच्च शिक्षणासाठी जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांचा प्रमाणित कसोटीशी परिचय बहुधा याच परीक्षेच्या द्वारे झाला.

सोलापूरची शैक्षणिक स्थिती : सोलापुरात १८६० मध्ये रेल्वे आली आणि कापडगिरण्यांमुळे शहर औद्योगिक दृष्ट्या वाढले, उच्च शिक्षणाच्या सोयी मात्र उशिरा आल्या. चीनमधील वैद्यकीय सेवेमुळे कीर्ती पावलेले सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस (१९१०–४२) यांना वैद्यकाच्या शिक्षणासाठी मुंबईस जावे लागले होते. दयानंद महाविद्यालय १९४० मध्ये व संगमेश्वर महाविद्यालय १९५३ मध्ये सुरू झाले. येथील महाविद्यालये प्रथम मुंबई, १९४९ नंतर पुणे आणि १९६२ नंतर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत होती. शिवाजी विद्यापीठाच्या सोलापूर येथील पदव्युत्तर केंद्राच्या पायावर १ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूर विद्यापीठ स्थापन झाले. केवळ एका जिल्ह्यापुरते कार्यक्षेत्र हे त्याचे वैशिष्ट्य. २०१९ मध्ये त्यास पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ असे नाव देण्यात आले.

या स्थित्यंतरांचा प्रवेशाशी निकटचा संबंध आहे. दीर्घकाळ पदव्युत्तर प्रवेश पदवी परीक्षेतील गुणांवर होत आणि त्यांत आपल्याच विद्यापीठाच्या पदवीधरांना अग्रक्रम असे. जिल्ह्याचे विद्यापीठ कोणते, यावर तेथील पदवीधराला कोणत्या शहरात प्रवेशाचा हक्क सांगता येईल, हे ठरत असे. निरनिराळ्या विद्यापीठांचे गुणदान सैल वा कडक असल्याने त्यांच्या गुणांची परस्परांशी तुलना करणे अवघड होते. सामाईक प्रवेश परीक्षेची निकड प्रथम येथेच भासली.

वैद्यकीय प्रवेश : सोलापूर येथील डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९६३ चे. तेथील पदवीधरांच्या दृष्टीने निर्णायक बदल न्यायालयीन निवाड्यांतून घडून आला. प्रदीप जैन खटल्यात (१९८४) सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय जागा राज्यातील रहिवासाच्या आधारे राखून ठेवणे अमान्य केले. संस्थांतर्गत अग्रक्रमास मात्र मर्यादेत मुभा ठेवली. त्यानंतरच्या निर्णयानुसार पंचवीस टक्के पदव्युत्तर जागा अखिल भारतीय परीक्षेद्वारे भरण्याची व्यवस्था झाली व पुढे हे प्रमाण पन्नास टक्क्यांवर गेले. सर्व जागांसाठी एकच परीक्षा, म्हणजे ‘नीट-पीजी’, प्रथम २०१२ च्या अखेरीस घेण्यात आली; सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये ती रद्द ठरविली, एप्रिल २०१६ मध्ये तो निर्णय मागे घेतला आणि त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन तिला वैधानिक आधार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये तन्वी बहल खटल्यात रहिवासाधारित आरक्षण पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशात घटनाबाह्य असल्याचे पुन्हा स्पष्ट करण्यात आले.

अभियांत्रिकी, व्यवस्थापन व इतर शाखा : अभियांत्रिकीतील पदव्युत्तर प्रवेशासाठी ‘गेट’ ही परीक्षा १९८० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात सुरू झाली. सोलापूरच्या वालचंद तंत्रज्ञान संस्थेची स्थापनाही १९८३ मधली. त्यामुळे येथील अभियांत्रिकी पदवीधरांच्या पिढ्या प्रारंभापासून या परीक्षेच्या सान्निध्यात वाढल्या. विज्ञान शाखांसाठी भारतीय तंत्रज्ञान संस्थांची ‘जॅम’, व्यवस्थापनासाठी भारतीय व्यवस्थापन संस्थांची ‘कॅट’ आणि २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांसाठी ‘सीयूईटी-पीजी’ अशा परीक्षा रूढ झाल्या. महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा आहे. पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने न्याय्य व पारदर्शक सामाईक परीक्षेचे तत्त्व उचलून धरले आणि २०१५ च्या राज्य अधिनियमानंतर या परीक्षांचे काम राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाकडे आले. विद्यावाचस्पती (पीएच्. डी.) पदवीच्या नोंदणीसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी प्रवेश परीक्षा आवश्यक केली, २०२४ मध्ये ‘नेट’चे गुण त्यासाठी ग्राह्य धरण्याचा निर्णय झाला.

कसोटीचे स्वरूप व गुणांकन : या परीक्षांचे प्रश्न बहुतांशी वस्तुनिष्ठ असतात; तपशील मात्र भिन्न असतो. गेट तीन तासांची व शंभर गुणांची असून तीत पासष्ट प्रश्न असतात. त्यांपैकी पंधरा गुण सामान्य अभिक्षमतेला असतात. बहुपर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकल्यास त्या प्रश्नाच्या गुणांचा एक-तृतीयांश भाग वजा होतो. संख्यात्मक उत्तराच्या प्रश्नांना ही वजावट नसते. राज्याच्या व्यवस्थापन प्रवेश परीक्षेत चुकीच्या उत्तराबद्दल गुण कापले जात नाहीत. हा भेद ध्यानात न घेता सर्व परीक्षांना एकच डावपेच योजणारा उमेदवार विनाकारण गुण गमावतो.

प्राप्तांक व शततमक यांतील फरकही समजून घेणे आवश्यक आहे. नव्वदावा शततमक म्हणजे शंभरांपैकी नव्वद गुण नव्हेत. परीक्षार्थींपैकी नव्वद टक्के उमेदवारांचे गुण तेवढे वा त्याहून कमी आहेत, असा त्याचा अर्थ. प्रश्नपत्रिका अवघड असल्यास थोड्या गुणांनाही उच्च शततमक लाभतो. परीक्षा अनेक सत्रांत झाल्यास सत्रागणिक काठिण्य बदलते. ते फेडण्यासाठी गुणांचे संख्याशास्त्रीय समानीकरण करतात. दोन प्रश्नपत्रिका सर्वस्वी समान काठिण्याच्या असू शकत नाहीत, हे मान्य करून सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये नीट-पीजी एकाच सत्रात घेण्याचा आदेश दिला. त्यानुसार ती ३ ऑगस्ट २०२५ रोजी झाली.

नोंदणी : पूर्वी परीक्षेचा छापील अर्ज मागवावा लागे. तो हाताने भरून, प्रमाणपत्रांच्या प्रती राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून, बँकेच्या धनाकर्षासह नोंदणी टपालाने पाठविला जाई. प्रवेशपत्रही टपालानेच येई व ते वेळेवर येईल की नाही, ही उमेदवाराची मोठी चिंता असे. संगणकीय नोंदणीने ही चिंता दूर केली. पण अर्ज भरण्यातील काटेकोरपणाची गरज मात्र वाढविली. लिपिकाच्या नजरेस येऊन दुरुस्त होणारी चूक संगणक तशीच स्वीकारतो.

नोंदणीपूर्वी माहितीपुस्तिकेतील पात्रतेच्या अटी पाहणे, ही पहिली पायरी होय. नाव व जन्मतारीख शालान्त प्रमाणपत्र आणि ओळखपत्र या दोहोंशी जुळणे इष्ट असते. मराठी नावात वडिलांचे वा पतीचे नाव मध्ये येत असल्याने, तसेच विवाहानंतर आडनाव बदलत असल्याने, या बाबतीत विसंगती विशेष आढळते. आरक्षणाचा लाभ घेणाऱ्यांनी प्रमाणपत्राच्या नमुन्याकडे लक्ष देणे अगत्याचे आहे. राज्याच्या प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते, तर केंद्रीय संस्था इतर मागासवर्गीयांकडून केंद्र शासनाच्या नमुन्यातील उन्नत वा प्रगत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र मागतात; राज्याच्या नमुन्यातील दाखला तेथे चालत नाही. दाखले मिळण्यास वेळ लागत असल्याने ती तजवीज अर्जाच्या आधीपासूनच करावी लागते.

परीक्षेची नोंदणी व प्रवेशाची नोंदणी या दोन भिन्न बाबी आहेत, हे पुष्कळांच्या उशिरा ध्यानात येते. उत्तम गुणानुक्रम मिळूनही प्रवेशफेरीची स्वतंत्र नोंदणी न केल्यास जागा मिळत नाही. वैद्यकीय शाखेत अखिल भारतीय हिश्श्याची व राज्याच्या हिश्श्याची नोंदणी वेगवेगळी असते.

मूल्यमापन : सामाईक परीक्षेने विद्यापीठाविद्यापीठांतील गुणदानाची विषमता दूर केली आणि सोलापूरच्या पदवीधराला मुंबई-दिल्लीच्या पदवीधराच्या पंक्तीला बसविले, हे तिचे मोठे श्रेय होय. गेटच्या तसेच महाराष्ट्र-गोव्यासाठीच्या ‘सेट’ परीक्षेच्या केंद्र-शहरांत सोलापूरचा समावेश झाल्याने पुण्याचा सु. २५० किमी.चा प्रवासही अनेकांचा वाचला. तथापि जिल्ह्याच्या सर्वच भागांना हे सारखे लागू नाही. करमाळ्याच्या उमेदवाराला जिल्ह्याचे ठिकाणही शंभर किमी.हून अधिक दूर आहे आणि पसंतीचे केंद्र मिळेलच, याची शाश्वती नसते.

भाषेचा प्रश्न अधिक मूलगामी आहे. सोलापुरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू व उर्दू या भाषा घरोघर बोलल्या जातात. या परीक्षांचे प्रमुख माध्यम मात्र इंग्रजी आहे. त्यामुळे विषयज्ञानाच्या मापनात वाचनवेगाचे मापन नकळत मिसळते आणि कसोटीच्या यथार्थतेला तेवढ्यापुरती बाधा येते. खाजगी शिकवणीवर्गांचा खर्च, एकाहून अधिक परीक्षांची शुल्के व तयारीसाठी वाया जाणारी वर्षे यांचा भारही विडी कामगार वा यंत्रमाग कामगार यांच्या कुटुंबावर सारखा पडत नाही.

कसोटीवरील विश्वास हा तिचा खरा आधार असतो. महाराष्ट्रात परीक्षांतील गैरप्रकारांस आळा घालणारा कायदा १९८२ पासून आहे. तरीही १८ जून २०२४ रोजी झालेली नेट परीक्षा दुसऱ्याच दिवशी रद्द करण्यात आली आणि त्याच महिन्यात नीट-पीजी आदल्या रात्री पुढे ढकलण्यात आली. रात्रीच्या गाडीने केंद्राकडे निघालेल्या परगावच्या उमेदवारांना त्याची झळ विशेष बसली. सार्वजनिक परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्धचा केंद्रीय कायदा त्याच सुमारास अंमलात आला.

निवडीचे कोणतेही एक साधन परिपूर्ण नसते. पदवीचे गुण दीर्घ अभ्यासाचे द्योतक असतात, तर प्रवेश परीक्षा एका दिवसातील कामगिरीचे. अनेक अमेरिकन विद्यापीठांनी २०२० नंतर काही अभ्यासक्रमांसाठी जीआरईची अट शिथिल केली, ती याच जाणिवेने. भारतात उमेदवारांची संख्या व शिफारशीच्या दुरुपयोगाची भीती पाहता सामाईक कसोटी टाळणे कठीण आहे. मात्र केंद्र जवळ असणे, अर्जाची माहिती मातृभाषेत मिळणे आणि वेळापत्रक निश्चित असणे, या तिच्या न्याय्यतेच्या आनुषंगिक नव्हे, तर अंगभूत अटी आहेत. लंडनमधील केंद्र अलाहाबादला येण्यास सदुसष्ट वर्षे लागली. जिल्ह्याजिल्ह्यांतील पदवीधरांच्या बाबतीत तेच अंतर अद्याप पूर्णपणे मिटलेले नाही.