काळोखात राबणारा डोळा

खेळ सुरू झाल्यावर आपण सिनेमागृहात शिरलो, तर आधी काहीच दिसत नाही. मग हळूहळू खुर्च्या, माणसं दिसू लागतात. डोळे सरावले, असं आपण म्हणतो. अंधारात डोळा विसावतो आणि उजेड पडला की कामाला लागतो, असं मीही बरीच वर्षं समजत होतो. या विषयाचा इतिहास वाचला तेव्हा कळलं, की प्रकार नेमका उलटा आहे.

सुरुवात झाली १८७६ साली. रोममध्ये फ्रान्झ बोल यांनी अंधारात ठेवलेल्या बेडकाचं दृष्टिपटल पाहिलं. ते लाल होतं आणि उजेडात बघता बघता फिकं पडलं. हायडेलबर्गच्या क्यूने यांनी हा रंग विरघळवून वेगळा काढला. बोल मात्र १८७९ मध्ये, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी वारले. पुढं १९३३ मध्ये जॉर्ज वाल्ड यांनी दृष्टिपटलात 'अ' जीवनसत्त्व असल्याचं दाखवलं आणि रातांधळेपणाचं कोडं सुटू लागलं. वाल्ड यांना १९६७ चं नोबेल मिळालं.

वाल्ड यांचं ते काम झालं बर्लिनला, ओटो वॉरबुर्ग यांच्या प्रयोगशाळेत. गंमत अशी, की याच वॉरबुर्गनी १९२० च्या दशकात कर्करोगाच्या गाठींचा अभ्यास करताना उंदराचं दृष्टिपटलही तपासलं होतं. भरपूर प्राणवायू मिळत असूनही ते साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करत होतं. दही आंबतं ते याच आम्लामुळं. निरोगी ऊतीचं हे वागणं गाठीसारखं होतं! पण वॉरबुर्ग यांच्या या शोधाची चर्चा पुढं झाली ती मुख्यतः कर्करोगाच्या संदर्भात. डोळ्यातल्या आम्लाचं होतं काय, हा प्रश्न मागं राहिला.

एवढी साखर जाते कशासाठी? याचा उलगडा १९७० मध्ये झाला. हेगिन्स, पेन आणि योशिकामी यांनी दाखवलं, की डोळ्यातल्या दंडपेशींमधून अंधारात सतत विद्युतप्रवाह वाहतो आणि उजेड पडला की तो कमी होतो. म्हणजे अंधारात सोडियम पेशीत शिरतच राहतं आणि पेशी ते पंपानं बाहेर फेकत राहते. या उपशाला शक्ती लागते. जितकी शक्ती जास्त, तितकं आम्लही जास्त. बारीक विद्युताग्रांनी मोजल्यावर दृष्टिपटल उजेडापेक्षा अंधारातच अधिक आम्लधर्मी असल्याचं आढळलं.

चूल पेटली की राख होणारच, आणि ती काढावीही लागते. सामू बिघडला की प्रथिनांचं काम बिघडतं. म्हणून पेशीच्या आवरणात वाटा ठेवलेल्या आहेत. एक प्रथिन सोडियम आत घेऊन हायड्रोजनचा आयन बाहेर टाकतं. दुसरं लॅक्टेटबरोबर हायड्रोजनला बाहेर नेतं. तिसऱ्या प्रकारची प्रथिनं बायकार्बोनेटची ने-आण करतात. तेच ते आपल्या खाण्याच्या सोड्यातलं, आम्ल शमवणारं.

यातलं एकच प्रथिन काढून घेतलं तर? २००३ मध्ये डीन बोक आणि सहकाऱ्यांनी हे पाहिलं. सोडियमबरोबर बायकार्बोनेट आत आणणाऱ्या एका प्रथिनाचं जनुक त्यांनी उंदरांमध्ये निकामी केलं. त्या उंदरांच्या प्रकाशग्राही पेशी झिजत गेल्या, ते आंधळे झाले आणि त्यांचं ऐकणंही बिघडलं. माणसात 'अशर' नावाच्या आनुवंशिक विकारात दृष्टी आणि श्रवण अशीच दोन्ही जातात.

मला हा प्रयोग मोलाचा वाटतो. बोल यांच्यापासून सगळे विचारत होते, डोळा प्रकाश कसा टिपतो? या उंदरांनी दुसरा प्रश्न विचारायला लावला. प्रकाश टिपणारी पेशी जगते कशी? दृष्टी जाते तेव्हा दोष रंगद्रव्याचाच असतो असं नाही. कधी साचलेलं न निघाल्यामुळंही दिवा विझतो.

आज रात्री दिवा मालवून तुम्ही झोपाल, तेव्हा मिटल्या पापण्यांआड ही पाळी सुरू झालेली असेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)